जमिनीखाली एवढं तांबं, तरी झांबियाचं कर्ज का बुडलं?

शंकासुर (धागाकर्ता)

नोव्हेंबर २०२० मध्ये झांबियाने युरोबाँडच्या (परदेशी गुंतवणूकदारांना डॉलरमध्ये विकलेल्या कर्जरोख्यांच्या) व्याजाचा ४ कोटी २५ लाख डॉलरचा हप्ता चुकवला. कोविडच्या काळात कर्ज थकवणारा आफ्रिकेतला हा पहिला देश. देशाच्या निर्यातीतले सुमारे ७० टक्के पैसे एकट्या तांब्याचे, आणि तांब्याचा भाव त्या वर्षी मार्चनंतर चढतच होता. म्हणजे दुकानात माल आहे, गिऱ्हाईक आहे, भावही आहे, पण वाण्याची उधारी द्यायला गल्ल्यात पैसे नाहीत.

खाणी बहुतेक परदेशी: कॅनडाच्या फर्स्ट क्वांटम आणि बॅरिक, चिनी सरकारी कंपन्या, २०२१ पर्यंत ग्लेनकोर, आणि आपल्याकडच्या ओळखीची वेदांता.

प्रश्न दोन. कंपन्यांनी लुटलं की सरकारने उधळलं? आणि मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा: भाव चढतो तेव्हा सरकारने त्यातला वाटा किती आणि कोणत्या पद्धतीने घ्यावा? 'भ्रष्टाचार' हे एका शब्दातलं उत्तर कृपया नको.

---

चहाबिस्किट

भ्रष्टाचार.

(राहवलं नाही. चालू द्या.)

---

हिशेबनीस

गोष्ट २०२० ची नाही, १९६९ पासूनची आहे. स्वातंत्र्य १९६४ चं. ऑगस्ट १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा यांनी खाणींतला ५१ टक्के हिस्सा सरकारकडे घेत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा उत्पादन वर्षाला ७ लाख टनांच्या घरात होतं. १९७४ च्या एप्रिलमध्ये भाव शिखरावर गेला आणि वर्ष सरायच्या आत निम्म्याखाली आला. सरकारला वाटलं, चार दिवसांची मंदी आहे. खर्च तसाच ठेवला आणि खड्डा कर्जाने भरला. भाव खऱ्या अर्थाने वर यायला जवळपास तीस वर्षं गेली.

या काळात झेडसीसीएम ही सरकारी खाण कंपनी दवाखाने, शाळा, कामगार वसाहती, सगळंच चालवत होती. पैसा कमी पडला की कात्री खाणीच्या देखभालीला लागायची. यातली मेख अशी की उघड्या खाणीत वरचा दगड-मुरूम काढणं थांबवलं किंवा भूमिगत खाणीत पुढचे बोगदे खोदणं थांबवलं, तर या वर्षीचं तांबं कमी होत नाही. उलट खर्च वाचल्यामुळे ताळेबंद बरा दिसतो. तीन-चार वर्षांनी हाताशी खनिजच उरत नाही. २००० साली उत्पादन अडीच लाख टनांवर आलं ते असं.

मग विक्री. १९९७ ते २००० दरम्यान खाणी तुकड्यातुकड्याने विकल्या. भाव पडलेला, कंपनीला दिवसाला सुमारे १० लाख डॉलर तोटा, नाणेनिधीचा तगादा. विकणारा घाईत असला की अटी घेणारा लिहितो. रॉयल्टी ०.६ टक्के आणि १५ ते २० वर्षं कर बदलायचा नाही अशी हमी. कोंकोला कॉपर माइन्स म्हणजे केसीएम २००० साली अँग्लो अमेरिकनने घेतली आणि २००२ मध्ये सोडून दिली. २००४ मध्ये वेदांताने तिचा ५१ टक्के हिस्सा अडीच कोटी डॉलरला घेतला. करार झाले तेव्हाच्या सुमारास तांबं टनाला १,५०० ते १,८०० डॉलर होतं. २००६ मध्ये ते ८,००० च्या वर गेलं.

---

कुंपणावर

म्हणजे कंपन्यांनी लुटलं. ०.६ टक्के! शेतमालावर बाजार समितीचा सेस याहून जास्त असतो.

---

हिशेबनीस

@कुंपणावर, थांबा, अजून उलटी बाजू आहे. २००८ मध्ये सरकारने कायदा करून ते करार मोडीत काढले. रॉयल्टी ३ टक्के, आणि वर नफेखोरीचा खास कर, भावानुसार २५ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत. जुलै २००८ मध्ये भाव ८,९०० च्या आसपास होता, डिसेंबरात ३,००० च्या खाली. २००९ मध्ये तो कर रद्द. २०१२ मध्ये रॉयल्टी ६ टक्के. २०१५ मध्ये नफ्यावरचा कर काढून टाकून उघड्या खाणींवर थेट २० टक्के रॉयल्टी लावली, बॅरिकने लुमवाना खाण बंद करायची तयारी चालवली, सहा महिन्यांत सरकार ९ टक्क्यांवर आलं. २०१६ मध्ये भावाप्रमाणे ४ ते ६. २०१९ मध्ये पुन्हा वाढ.

दर वेळी कर चढत्या भावाच्या शेवटी वाढवला आणि पडत्या भावाच्या मध्यावर सोडला. खाणीत आज गुंतवलेला पैसा दहा वर्षांनी वसूल होतो. असे नियम पाहून कंपनी काय करते? नवं खोदत नाही, आहे ते ओरबाडते.

---

गंधकाम्ल

कराचे दर सोडा, दर कशावर लावता ते आधी बघा. तांब्याच्या व्यवहारात पैसा मोजमापात मुरतो.

खाणीतून निघणाऱ्या दगडात तांबं एक-दोन टक्के. तो दळून, फेसावर तरंगवून जी काळपट भुकटी मिळते ती कॉन्सन्ट्रेट. त्यात तांबं साधारण २८ टक्के धरू. लंडन मेटल एक्स्चेंजचा भाव टनाला ९,००० डॉलर धरू. एका कोरड्या टनाचा हिशेब:

तांबं २८० किलो. स्मेल्टरवाला (भट्टीवाला) वितळवतानाची घट म्हणून प्रतीतला १ टक्का वजा करतो, म्हणजे २८ ऐवजी २७ धरतो, पैसे २७० किलोचे. २७० गुणिले ९ म्हणजे २,४३० डॉलर.
वितळणावळ, २०२४ चा वार्षिक दर: टनाला ८० डॉलर.
शुद्धीकरणावळ: पाउंडाला ८ सेंट. २७० किलो म्हणजे सुमारे ५९५ पाउंड, म्हणजे ४८ डॉलर.
उरले सुमारे २,३०० डॉलर. यातून वाहतूक जाते.

आता गळती कुठे होते ते बघा.

पहिली, प्रत. २८ टक्क्यांचा माल २७ टक्के दाखवला तर टनामागे ९० डॉलर गायब. एक लाख टनांवर ९० लाख डॉलर.

दुसरी, ओलावा. माल ओला तोलला जातो, पैसे कोरड्या वजनाचे. ८ टक्के ओलावा १० टक्के लिहिला तर हजार टनांमागे २० टन कोरडा माल कागदावरून उडाला. ४६ हजार डॉलर.

तिसरी, भाव ठरवायचा दिवस. करारात 'पोचल्याच्या पुढच्या महिन्याची सरासरी' असं काहीतरी असतं आणि महिना निवडायचा हक्क खरेदीदाराकडे असला तर तो स्वस्त महिना निवडणार. खरेदीदार त्याच गटातली दुसरी कंपनी असेल तर विक्रेता हरकतही घेत नाही.

चौथी, सोबतचा कोबाल्ट. काही मालात तो असतो आणि बिलात नसतो.

---

सनदी

@गंधकाम्ल, तिसऱ्या मुद्द्याला न्यायालयाचा दाखला आहे. मोपानी खाणीने ग्लेनकोर गटातल्याच कंपनीला तांबं बाजारभावाहून स्वस्त विकलं, असं धरून झांबियाच्या कर खात्याने कर लावला. मे २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कर खात्याच्या बाजूने निकाल दिला. रक्कम सुमारे २४ कोटी क्वाचा (झांबियाचं चलन).

आणि एक गंमत. झांबियाची निर्यातीची आकडेवारी काढलीत तर सगळ्यात मोठा गिऱ्हाईक बरीच वर्षं स्वित्झर्लंड दिसतो. तिथे तांब्याचा एक पत्राही जात नाही. माल दार-एस-सलाम किंवा डर्बनहून आशियाकडे जातो, फक्त बिल स्वित्झर्लंडमधल्या झुगच्या पत्त्यावर फाडलं जातं.

यावर सरकारने योजलेला उपाय रोगापेक्षा भारी निघाला. व्हॅट परत हवा असेल तर माल ज्या देशात उतरला तिथल्या आयातीचे कागद आणा, असा 'नियम १८' कडकपणे लावला. पण माल समुद्रात असताना दोनदा विकला जातो, खाणीला तो शेवटी कुठे उतरला हे माहीतच नसतं. कागद आले नाहीत, परतावे अडकले, २०१४ पर्यंत थकबाकी सुमारे ६० कोटी डॉलर. प्रामाणिक आणि लबाड एकाच खोड्यात.

---

तांबटआळी

पुण्याच्या तांबट आळीच्या वतीने प्रश्न: हे लोक भुकटी विकतातच कशाला? तिथेच भांडी, तारा, पत्रे करून विका की. मूल्यवर्धन का काय म्हणतात ते.

---

गंधकाम्ल

@तांबटआळी, माझाच हिशेब पुन्हा बघा. वितळण आणि शुद्धीकरण मिळून १२८ डॉलर, मालाच्या किमतीच्या जेमतेम ५ टक्के. २०२५ चा वार्षिक दर तर २१.२५ डॉलर आणि २.१२५ सेंट, म्हणजे सगळं मिळून ३४ डॉलर. चीनने इतके स्मेल्टर बांधलेत की ते एकमेकांच्या तोंडचा घास ओढतात. तांब्याच्या साखळीत पैसा खाणीत आहे, भट्टीत नाही. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेलची निर्यात बंद करून कारखाने खेचून आणले खरे, पण निकेलच्या साठ्यात इंडोनेशियाचा जसा वरचष्मा आहे तसा तांब्यात झांबियाचा नाही.

तरी झांबियाने भट्ट्या बांधल्या आणि ते बरोबरच केलं. चांबिशी, मुफुलिरा, न्चांगा, कान्सान्शी. कारण वाहतूक. एक टन तांबं भुकटीच्या रूपात न्यायचं तर ओलाव्यासकट जवळजवळ ३.९ टन ओझं समुद्रापर्यंत वाहायचं. कॅथोडच्या, म्हणजे शुद्ध तांब्याच्या पत्र्यांच्या रूपात एकच टन. शिवाय भट्टीतून निघणाऱ्या धुरातून सल्फ्युरिक आम्ल मिळतं आणि तेच ऑक्साइड खनिजातलं तांबं विरघळवायला लागतं. आयात करायचं तर ट्रकभाड्यातच जीव जाईल.

तारांचं म्हणाल तर लुआंशामध्ये झामेफा हा केबलचा कारखाना आहे. पण कॅथोडची गुंडाळी किंवा तार केली म्हणून मिळणारा जादा भाव किरकोळ. तार तिथे करावी जिथे गिऱ्हाईक जवळ आहे.

---

तांबटआळी

समजलं. बंबाचा प्रस्ताव मागे घेतो.

---

रुळावरून

वाहतुकीचा विषय निघालाच आहे तर. झांबियाला समुद्र नाही, शेजारी आठ. दक्षिणेकडचा मार्ग ऱ्होडेशियातून (आजच्या झिम्बाब्वेतून) जायचा आणि १९६५ नंतर ते सरकारच वैरी झालं. जागतिक बँक आणि पाश्चात्त्य देशांनी नवी लाइन परवडणारी नाही म्हणून हात वर केले, तेव्हा चीनने बिनव्याजी कर्ज देऊन ताझारा ही रेल्वे बांधली. कापिरी म्पोशी ते दार-एस-सलाम, १,८६० किलोमीटर, १९७०च्या दशकात. गेज १,०६७ मिलिमीटर, म्हणजे दक्षिणेकडच्या जाळ्याशी जुळणारा. मोठी क्षमता धरून बांधली आणि पुढे त्याच्या लहानशा हिश्श्यावर येऊन ठेपली. इंजिनं बंद पडत गेली, सुटे भाग नाहीत, पावसाळ्यात भराव खचायचे. मग तांबं ट्रकवर गेलं. ट्रकला सीमेवर दिवसचे दिवस रांग, आणि रस्त्याची चाळण दुरुस्त करायची सरकारी पैशातून. म्हणजे रॉयल्टी एका खिशात आली आणि डांबरावाटे दुसऱ्या खिशातून गेली.

आता पश्चिमेकडे अंगोलातून लोबितो बंदराकडे जाणारी जुनी बेंग्वेला लाइन अमेरिका-युरोपच्या पाठिंब्याने सुधारताहेत. तीत अर्धी नजर काँगोच्या कोबाल्टवर आहे. इकडे ताझाराच्या डागडुजीला पुन्हा चीन पुढे आलाय. सवतीसवतीत झांबियाचं भलं होऊ शकतं.

---

पाणबुड्या

सगळे भावावर बोलताहेत, विजेवर कोणीच नाही. झांबियाची ८० टक्क्यांहून जास्त वीज पाण्याची, त्यातली मोठी भिस्त करिबा धरणावर. देशातली निम्मी वीज खाणी खातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुष्काळ राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर झाला, करिबाचा वापरण्याजोगा साठा तळाला गेला.

आता कोंकोला ही जगातल्या सर्वांत ओल्या खाणींपैकी एक. तिथून दिवसाला ३ लाख घनमीटरच्या आसपास पाणी उपसावं लागतं, तांबं काढा किंवा न काढा. पंप बसले तर खालचे मजले बुडतात, आणि बुडालेले पंप पाण्याखालून काढता येत नाहीत. त्यामुळे वीज कमी पडली की गावाची आधी तोडतात, खाणीची नंतर. आकडेवारीत तांबं तगलेलं दिसतं, पीठगिरण्या आणि वेल्डिंगची दुकानं बसलेली असतात. एका खनिजावर अवलंबून राहणं म्हणजे काय, तर ही वीज आधी कुणाची तोडायची ते ठरलेलं असणं.

---

व्याजाचंव्याज

मूळ प्रश्नाचा पहिला भाग, कर्ज.

२००५-०६ मध्ये झांबियाला मोठी कर्जमाफी मिळाली. सुमारे ७ अब्ज डॉलरचं परकी कर्ज अर्ध्या अब्जाच्या आसपास आलं. पाटी कोरी. तांबं तेजीत. २०१२ मध्ये ७५ कोटी डॉलरचा पहिला युरोबाँड काढला, व्याज ५.३७५ टक्के, मागणी कित्येक पट. २०१४ मध्ये १०० कोटी, ८.५ टक्के. २०१५ मध्ये १२५ कोटी, ८.९७ टक्के. तीन वर्षांत व्याज कुठून कुठे गेलं बघा. सावकाराला कळत होतं, कर्जदाराला कळून घ्यायचं नव्हतं. शिवाय रस्ते, विमानतळ, काफुए गॉर्ज लोअरचा ७५० मेगावॅटचा प्रकल्प यांसाठी चिनी कर्जं वेगळी.

चूक नुसती रकमेत नाही, बांधणीत आहे. पहिल्या दोन बाँडांचं मुद्दल एकरकमी परत करायचं होतं, २०२२ आणि २०२४ ला. कर्ज डॉलरमध्ये, सरकारचा बहुतेक कर क्वाचामध्ये. आणि तांबं स्वस्त होतं तेव्हाच क्वाचा घसरतो. म्हणजे ज्या वर्षी उत्पन्न कमी, त्याच वर्षी हप्ता जड. २०१५ मध्ये नेमकं हेच झालं. निर्यातीचे आकडेही फसवे: खाणीला विक्रीचे डॉलर बाहेरच्या बँकेत ठेवायची मुभा, देशात येतात ते पगार, वीज आणि करापुरते. डिझेल, डंपरचे टायर, सुटे भाग यांची बिलं बाहेरच्या बाहेर भागतात.

दुरुस्तीला किती वेळ लागला? थकीत नोव्हेंबर २०२०, नाणेनिधीचं १.३ अब्जाचं कर्ज ऑगस्ट २०२२, सरकारी सावकारांशी ६.३ अब्जाचा समझोता जून २०२३, बाँडवाल्यांशी जून २०२४. साडेतीन वर्षं, कारण चीन आणि बाँडवाले दोघेही 'आधी त्यांनी सोडावं' म्हणत बसले.

---

कुंपणावर

तेजीत गुलाबवालेही मेले म्हणे?

---

व्याजाचंव्याज

@कुंपणावर, हो. कर्जमाफी आणि तांब्याचा भाव एकदम आल्याने २००५-०६ मध्ये क्वाचा झपाट्याने वधारला. गुलाब आणि कापूस निर्यात करणाऱ्यांना मिळणारे डॉलर तेवढेच, पण मजुरी क्वाचात, ती डॉलरच्या हिशेबात महागली. तांब्याला पर्याय उभे राहत होते ते तांब्यानेच कापले.

---

डिचोलीकर

गोंयच्या बाजूने दोन शब्द, कारण दुवा खरा आहे: इकडची लोहखनिजवाली सेसा आणि तिकडची केसीएम एकाच वेदांताच्या घरातल्या. पण मला मालकापेक्षा तेजीतले पैसे बाजूला टाकायच्या निधीबद्दल बोलायचंय.

गोव्याचं लोहखनिज कमी प्रतीचं, बहुतेक सगळं चीनला जायचं. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथे ट्रक आणि मांडवी-जुवारीवर बार्जेस. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवलं. एप्रिल २०१४ च्या निकालात वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्री किमतीच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकायला लावली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द, मार्चमध्ये काम पुन्हा थांबलं. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात.

मुद्दा असा की निधीचा विचार तेजी ओसरल्यावर झाला. झांबियाचंही तेच. २००६ ते २०११ मध्ये असा निधी असता तर २०१२ चा बाँड कदाचित लागलाच नसता.

---

खडाष्टक

@डिचोलीकर, निधी म्हणजे रामबाण नव्हे. बोत्सवानाने १९९४ मध्ये पुला निधी काढला, देब्स्वाना या हिऱ्यांच्या खाण कंपनीत डी बीअर्सबरोबर निम्मी भागीदारी ठेवली, शिस्तीत वागला. सगळे त्याचं उदाहरण देतात. पण निर्यातीतले ८० टक्के हिरेच राहिले. आता प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी भाव पाडला, त्यातले कितीतरी आपल्या सुरतेत तयार होतात, आणि बोत्सवानाला निधी खरवडावा लागतोय.

---

शंकासुर

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. पण माझा दुसरा प्रश्न अजून तसाच. आता कोणती पद्धत चालू आहे आणि ती बरी आहे का?

---

हिशेबनीस

आकड्यांतच सांगतो. २०१९ ची पद्धत: भाव ७,५०० ते ९,००० असेल तर संपूर्ण किमतीवर ८.५ टक्के, ९,००० च्या वर गेला की संपूर्ण किमतीवर १० टक्के. म्हणजे भाव ८,९९९ असताना टनामागे रॉयल्टी ७६५ डॉलर, ९,००१ झाला की ९००. भाव दोन डॉलरने वाढला आणि खाणीचे १३५ डॉलर गेले. अशा वेळी खाण बिल पुढच्या महिन्यात ढकलते किंवा ८,९९५ वर सौदा 'ठरवते'. वर ही रॉयल्टी नफ्यातून वजाही धरायची नव्हती, म्हणजे सरकारला दिलेल्या पैशावर पुन्हा कर.

२०२२ मध्ये वजावट परत आली आणि २०२३ पासून टप्पे आयकरासारखे झाले. पहिल्या ४,००० डॉलरवर ४ टक्के, पुढच्या १,००० वर ६.५, पुढच्या २,००० वर ८.५, त्यावर १०. भाव ९,००० असेल तर १६० अधिक ६५ अधिक १७० अधिक २००, एकूण ५९५. सरासरी ६.६ टक्के. जुन्यापेक्षा कमी, हे खरं, आणि तिथले विरोधक त्यावरूनच ओरडतात. पण ९,००० वरची ती अचानक उडी गेली. भाव पडला तर रॉयल्टी आपोआप उतरते, चढला तर आपोआप चढते. अर्थमंत्र्याला दर अर्थसंकल्पात हात घालावा लागत नाही.

माझा कौल: रॉयल्टी अशीच टप्प्यांची ठेवा, कारण ती विक्रीवर बसते आणि लपवायला कठीण. नफ्यावरचा कर वेगळा ठेवा, पण त्याच्यावर बजेट उभं करू नका. गटातल्या गटात कर्ज दाखवून व्याजात नफा जिरवणं फार सोपं आहे. केसीएम २०१९ मध्ये सरकारने ताब्यात घेतली आणि पाच वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये वेदांताकडे परत गेली. मोपानीतला ग्लेनकोरचा हिस्सा २०२१ मध्ये १ डॉलर आणि दीड अब्जाच्या कर्जासकट घेतला, २०२४ मध्ये त्यातला ५१ टक्के अमिरातीच्या कंपनीला दिला. मालक बदलून पाहिला, पंपांचं आणि दुरुस्तीचं बिल तेवढंच येतं.

उत्पादन २०२३ मध्ये ७ लाख टनांखाली होतं, २०२४ मध्ये सव्वाआठ लाखांच्या जवळ. सरकारचं लक्ष्य ३० लाख टन. वीज कुठून आणणार, ते पाणबुड्या यांना विचारा.

---

पाणबुड्या

करिबाला विचारा.

---

चहाबिस्किट

अख्खा धागा वाचला. तर उत्तर भ्रष्टाचार नाही, ओलावा आहे.

---

गंधकाम्ल

@चहाबिस्किट, हसण्यावारी नेऊ नका. नमुना खाणीच्या काट्यावर, ट्रक भरतानाच घ्यायचा, तीन सीलबंद पुड्या करून: एक विक्रेत्याला, एक खरेदीदाराला, एक तंट्यासाठी तिसऱ्या प्रयोगशाळेला. बंदरावर घेतला तर माल वाटेत सुकलेला असतो आणि ट्रकचं वजन कागदाशी जुळत नाही. मग दोघेही आपापला आकडा धरून बसतात आणि कर खात्याकडे तिसरा आकडाच नसतो.